फायलींच्या वेळांची यादी

१ डिसेंबर, सोमवार

ऑफिसच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोप येत नसेल तर रोज थोडं लिहीत जा. मी म्हटलं, मला झोप येते. ते म्हणाले, मग येते असं लिहा. वाद घालायचा कंटाळा आला, म्हणून ही वही काढली. पंप विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने गेल्या वर्षी वाटलेली डायरी आहे. वार चुकीचे आहेत, ते खोडून बरोबर वार लिहीत जाईन.

बायको जाऊन वीस दिवस झाले. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. तीन महिने आजारी होती, त्यामुळे अचानक असं काही झालं नाही. मी ठीक आहे. लोक मात्र माझ्याशी बोलताना मान जरा तिरकी करतात आणि आवाज खाली आणतात. सतराला कामावर रुजू झालो. रजा वीसपर्यंत होती, पण घरी बसून करायचं काय?

गावाचं पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात मी कॉम्प्युटर सांभाळतो. अठरा वर्षं झाली. माझी खोली म्हणजे मशीनची खोली. मशीनला थंड लागतं म्हणून मलाही थंडीत बसावं लागतं. खिडकी नाही. दुपारी डबा खाऊन झाला की इथेच लिहीन.

घरी सासूबाई आहेत. लेकीच्या आजारपणात आल्या त्या अजून आहेत. मेव्हणा दर दोन दिवसांनी फोन करून विचारतो, आईला कधी पाठवताय. जणू मी त्यांना ओलीस ठेवलंय.

झोप येते.

२ डिसेंबर, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. ‘बसा, बसा’ दोनदा म्हणाले. एरवी एकदाही म्हणत नाहीत.

दहा नोव्हेंबरपासून नदीपलीकडच्या वस्तीत पोटाच्या आजाराची साथ आली होती. सत्तरेक माणसं आजारी पडली, दोघं अजून दवाखान्यात आहेत. मला हे सगळं नंतर कळलं, त्या दिवसांत माझं लक्ष दुसरीकडे होतं. आता चौकशी लागली आहे. एक निवृत्त अधिकारी त्यासाठी नेमलेत. त्यांच्याकडे दोन चष्मे आहेत, एक नाकावर, एक कपाळावर. मी मनात त्यांना दोनचष्मे म्हणतो.

आमच्या प्रयोगशाळेत रोज पाण्याची तपासणी होते आणि संध्याकाळी पाचच्या आत त्या दिवसाचा तक्ता कॉम्प्युटरवर भरला जातो. हे काम केमिस्टबाईंचं. तक्ते सांगतात की त्या आठवड्यात पाणी उत्तम होतं. दोनचष्म्यांना शंका आहे की साथ आल्यावर कुणीतरी मागे जाऊन तक्ता ‘सुधारला’. म्हणून त्यांना एक ते पंधरा नोव्हेंबरच्या तक्त्यांची यादी हवी आहे. फाइलचं नाव आणि तिच्यात शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, बस.

अशा यादीला मला दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. फोल्डरमध्ये जा, एकेक फाइल घे, तिची वेळ वाच, तारखेप्रमाणे लाव, छाप. साहेब मागे उभे राहून बघत होते. ‘फाइल न उघडता वेळ कळते?’ म्हणाले. कळते. फाइलच्या आत काय आहे याच्याशी वेळेला काही घेणंदेणं नसतं.

यादीत पंधरापैकी चौदा तक्ते ज्या त्या दिवशी चार ते पाचच्या मध्ये बंद झालेले. सात नोव्हेंबरचा मात्र नाही. त्याच्यापुढे होतं चौदा नोव्हेंबर, सकाळी अकरा बारा.

साहेब ‘अरेरे’ म्हणाले. मी कागद दिला आणि डबा खाल्ला.

४ डिसेंबर, गुरुवार

आज मलाही चौकशीत बोलावलं.

केमिस्टबाई आधीपासून बसल्या होत्या. त्यांच्याबद्दल लिहायला हवं. पन्नाशीच्या जवळ, बारीक, रसायनांनी बोटं फुटलेली. रोज सकाळी त्या दिवसाच्या पाण्याचा पहिला पेला भरून स्वतः पितात आणि मग पाणी गावात सोडायला हरकत नाही म्हणून सही करतात. तसा नियम नाही. विचारलं तर म्हणतात, आधी मी, मग गाव. आम्ही सगळे यावर त्यांची थट्टा करतो. बाई, एखाद्या दिवशी तुम्ही आल्या नाहीत की गाव तहानेने मरेल, वगैरे.

दोनचष्म्यांपुढे त्यांचं म्हणणं असं. तेरा तारखेला त्यांनी सातचा तक्ता साहेबांना दाखवायला उघडला, तेवढ्यात वीज गेली आणि फाइल बिघडली, उघडेनाच. चौदाला ऑपरेटरने ती बॅकअपमधून परत आणून दिली. म्हणून तिच्यावर चौदाची वेळ आहे. त्यांनी आकड्यांना हात लावलेला नाही.

‘ऑपरेटर म्हणजे हे?’ दोनचष्म्यांनी माझ्याकडे बोट केलं.

‘हो.’

‘तुम्ही चौदाला ऑफिसात होतात?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘रजेवर होतो. घरी होतो.’

त्यांनी हजेरीपट पुढे ओढला. चौदापुढे माझी रजा. बोटाने दोनदा त्या चौकोनावर टकटक केलं आणि बाईंकडे पाहिलं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग ओठ मिटले आणि म्हणाल्या, ‘माझी काहीतरी गल्लत होत असेल.’

खोटं पकडलं गेलं की माणसं अशीच बघतात. वाईट वाटायला हवं होतं, इतक्या वर्षांची ओळख आहे. पण वाटलं नाही. हल्ली बरंच काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात सोय आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल जेवताना सासूबाईंना हे सगळं सांगितलं. एरवी आम्ही जेवताना भाजीत मीठ कमी की जास्त याच्यापुढे जात नाही. त्या दोघींचं बोलणं मी ऐकायचो, आता ऐकायलाही कुणी नाही, त्यामुळे विषय काढावा लागतो.

‘चौदाला?’ त्या म्हणाल्या. ‘चौदाला तुम्ही कुठे होतात घरी? सकाळी गेलात की. मी हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाहीत. दुपारी आलात.’

मी म्हटलं, आई, तो दुसरा दिवस असेल.

‘असेल बाई. माझे तरी कुठे दिवस वेगळे राहिलेत,’ म्हणाल्या आणि माझ्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

पंच्याहत्तरीच्या आहेत. त्या वयात असं होतंच. चौदाला मी दिवसभर पलंगावर होतो. छताला पंख्याभोवती एक भेग आहे, ती मला नीट आठवते.

८ डिसेंबर, सोमवार

बाईंना निलंबित केलं. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाईल आणि खटलाही होईल, असं साहेब म्हणाले. तक्त्यात फेरफार केला, त्यामुळे दूषित पाणी गावात गेलं, असा आरोप आहे. वर्तमानपत्रात त्यांचं नाव आलंय. एकवीस वर्षांची नोकरी.

त्या किल्ल्या द्यायला आल्या होत्या. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड लिहिलेलं बंद पाकीट मला दिलं. माझ्यावर चिडायला हवं होतं. निदान बोलायला नको होतं. पण दारात थांबून म्हणाल्या, ‘जेवताय ना वेळेवर?’

मी म्हटलं, हो.

‘बारीक झालात,’ म्हणाल्या आणि गेल्या.

या दयेचा मला वीट आलाय. स्वतःची नोकरी जायला लागली आणि माझ्या जेवणाची चौकशी. मी पाकीट कपाटात टाकलं.

९ डिसेंबर, मंगळवार

दोनचष्म्यांना आता सहा महिन्यांची यादी हवी. एक तक्ता बदलला म्हणजे आणखीही बदलले असतील असा त्यांचा हिशेब. एकशे ऐंशी फायली. स्क्रिप्टला काय, पंधरा असोत की पंधराशे.

जुनीच स्क्रिप्ट वाढवली. वेळ असली की मी काम नीट करतो, म्हणून त्यांनी मागितले नव्हते तेही रकाने घातले. फाइल किती मोठी आहे, आणि फाइलचा मालक कोण. मालक म्हणजे ज्याच्या नावाने मशीनवर ती बनली तो. सगळे तक्ते बाईच बनवतात, तेव्हा सगळीकडे त्यांचंच नाव यायला हवं.

एकशे एकोणऐंशी ओळींत त्यांचं नाव आलं.

सात नोव्हेंबरच्या ओळीत माझं.

मला वाटलं रकाने सरकले. स्क्रिप्ट तपासली. मग पुन्हा तपासली. ती बरोबर आहे. कुणीतरी माझा पासवर्ड वापरला असणार. मी तो कुणाला दिलेला नाही, पण दवाखान्याच्या दिवसांत कुठे लिहून ठेवला असेन तर सांगता येत नाही. उद्या बघतो.

११ डिसेंबर, गुरुवार

काल बघितलं नाही. आजही नाही.

बघायची जागा मला माहीत आहे. मशीनवर मी जी जी आज्ञा टाइप करतो, ती वेळेसकट एका फाइलमध्ये साठत जाते. तशी व्यवस्था मीच करून ठेवली आहे. कुणी माझ्या नावाने आत शिरलं असेल तर त्याने काय काय केलं ते तिथे सापडेल. उघडायला दोन सेकंद लागतात. दोन दिवस मी केबलींना चिठ्ठ्या चिकटवतोय.

आज महिना झाला. सासूबाई सकाळपासून तिचं कपाट आवरत होत्या. आवरत म्हणजे काढत होत्या आणि परत तसंच लावत होत्या. मेव्हणा एकवीसला, रविवारी, त्यांना न्यायला येणार आहे. मी म्हटलं, बरं होईल, तुम्हाला तिकडे नातवंडं आहेत. त्या म्हणाल्या, हो, तुमचीही सुटका. गंमत म्हणून म्हणाल्या असाव्यात. दोघंही हसलो नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उघडली.

चौदा नोव्हेंबर, सकाळी दहा अडतीस. माझ्या नावाने, माझ्याच खोलीतल्या की-बोर्डवरून. पहिली आज्ञा डेट. या आज्ञेला मशीन आत्ता किती वाजले ते सांगतं. दुसरी आज्ञा, डेट. तिसरीही डेट. मी मोजल्या. चौतीस मिनिटांत एकतीस वेळा कुणीतरी मशीनला विचारलं, किती वाजले.

मग फोल्डर बदलायची आज्ञा, मधली मोकळी जागा विसरून, मग तीच पुन्हा बरोबर. ही चूक माझी आहे. अठरा वर्षं मी ती जागा विसरतो आणि दुसऱ्यांदा नीट लिहितो. पासवर्ड चोरणारा माझी चूक कशाला चोरेल?

मग अकरा बारा. आधी बिघडलेली फाइल पुसली, मग बॅकअपच्या डिस्कवरून सात नोव्हेंबरचा तक्ता इकडे कॉपी केला. साधी कॉपी. कॉपी करताना आज्ञेत एक अक्षर जास्त लिहावं लागतं, मग मूळ फाइलची वेळ आणि मालक जपले जातात. ते अक्षर लिहिलं नाही तर नकलेवर त्या क्षणाची वेळ बसते आणि मालक म्हणून कॉपी करणाऱ्याचं नाव. इथे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. एकाला तर यावरून रडवलंय. ते अक्षर त्या ओळीत नाही.

त्यानंतर चार वेळा डेट. मग काही नाही.

बॅकअपची डिस्क पोलादी कपाटात असते, किल्ली माझ्याकडे. काढून लावली. मूळ तक्ता तिथे आहे, सात नोव्हेंबर, संध्याकाळी चार बावन्न. दोन्ही फायली एकमेकींशी ताडून बघितल्या. एका आकड्याचाही फरक नाही. बाई खरं बोलत होत्या.

मी आलो होतो. मी हे केलं. आणि मला त्यातलं काहीही, अगदी काहीही आठवत नाही. स्वतःच्याच हाताने टाइप केलेलं मी कुणा परक्याचं वाचावं तसं वाचलं. घाबरायला हवं, पण हात नुसते थंड आहेत, आणि ते या खोलीत असतातच.

नंतर जे केलं तेही लिहितो. मागितलेल्या यादीत मालकाचा रकाना नव्हता. मी तो स्क्रिप्टमधून काढला, यादी पुन्हा छापली. स्वच्छ दिसत होती. दोनचष्म्यांना जे हवं तेवढंच, जास्त काही नाही. कुणाला कधीच कळलं नसतं. अठरा वर्षांत माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि आत्ताच, या महिन्यात, लोकांना माझ्याबद्दल आणखी एक विषय द्यायचा मला कंटाळा आला होता. कंटाळा हाच शब्द बरोबर आहे.

यादी पाठवली नाही. दोन्ही कागद खणात ठेवले.

१३ डिसेंबर, शनिवार

सुट्टी. सासूबाईंना विचारलं, चौदाला मी घरातून कसा गेलो?

‘कसे म्हणजे? पायांनी.’ मग माझं तोंड बघून हातातलं काम खाली ठेवलं. ‘घरातल्या चपला घालून गेलात. शर्टची बटणं वरखाली. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतील. आलात तेव्हा कपड्यांना औषधाचा वास येत होता. मी म्हटलं, पुन्हा दवाखान्यात जाऊन बसले की काय.’

‘तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?’

‘काय बोलू? मी सुद्धा दोनदा तिच्यासाठी पाणी गरम करून ठेवलं होतं. मी कुणाला सांगितलं?’

दवाखान्याचा वास नव्हता तो. आमच्या प्रयोगशाळेतल्या क्लोरीनचा असणार.

बाईंच्या घरी फोन लावावा असं तीनदा मनात आलं. काय बोलायचं ते सुचेना. आठ तारखेला जेवलात का म्हणून विचारलं होतं त्यांनी, आणि मी त्याच्यावर इथे काय लिहून ठेवलंय ते मागे जाऊन वाचलं. पान फाडणार होतो. राहू दिलं.

१५ डिसेंबर, सोमवार

मालकाच्या रकान्यासकट यादी दिली. आज्ञांची छापील नोंद दिली. बॅकअपची डिस्कही टेबलावर ठेवली.

दोनचष्म्यांनी सगळं सावकाश वाचलं. मग विचारलं, ‘म्हणजे चार तारखेला तुम्ही खोटं बोललात.’

‘मला जे खरं वाटत होतं ते बोललो. ते चुकीचं होतं.’

‘आता आठवलं?’

‘नाही. आताही आठवत नाही. पण केलंय मीच.’

‘रजेवर होतात, तर आलात कशाला?’

‘माहीत नाही.’

साहेब मध्येच म्हणाले, ‘सर, त्यांच्या घरी जरा...’ आणि मान तिरकी केली.

मला एकदम त्या तिरक्या मानेचा संताप आला. किती दिवसांनी संताप आला. मी मोठ्याने म्हटलं, ‘अकराला माझी बायको मेली. चौदाला मी इथे आलो, फाइल कॉपी केली, चुकीची केली. बाईंनी काही केलेलं नाही. हे मला लिहून द्यायचंय.’

मेली हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला. घरात आम्ही ‘गेली’ म्हणतो. दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्माही काढून टेबलावर ठेवला आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

दीड पान लिहिलं. नंतर त्यांनी सांगितलं की पलीकडच्या वस्तीत जमिनीखालची एक नळी फुटून गटाराला लागलेली सापडली आहे. पाणी आमच्याकडून चांगलंच निघत होतं. अडचण फक्त त्या एका तक्त्याची होती, त्यामुळे बाकी कशावर विश्वास ठेवावा ते कळत नव्हतं. आता ती उरली नाही. मला लेखी ताकीद मिळेल. मी म्हटलं, चालेल.

१७ डिसेंबर, बुधवार

हे घरी लिहितोय, संध्याकाळी. वहीची पानं पुरतात की नाही बघतो.

बाई आज परत आल्या. मी दहाला प्रयोगशाळेत गेलो. पाऊल आत पडेना. त्या नळाखाली हात धूत होत्या.

‘बाई, माझ्यामुळे तुमचं...’ एवढंच म्हणालो.

‘बसा,’ त्या म्हणाल्या. ‘तिथे नको, या स्टुलावर. त्या दिवशी इथेच बसला होतात.’

‘मी इथे आलो होतो?’

‘तासभर होतात.’ त्यांनी हात पुसले. ‘फाइल बिघडल्याचं मीच बोलून गेले. तुम्ही दारात दिसलात, मला वाटलं रुजू झालात. मग पायांकडे लक्ष गेलं. म्हटलं, राहू द्या हो, नंतर बघू. तुम्ही ऐकलं नाहीत. गेलात, करून आलात आणि इथे बसलात. मग बोलायला लागलात.’

‘तुम्ही हे चौकशी अधिकाऱ्यांना का नाही सांगितलं? तासभर बसलो होतो म्हणून? नोकरी जात होती तुमची.’

‘त्यांनी विचारलं असतं, तासभर काय करत होते. मी काय सांगू? रडत होते?’ त्यांनी पुसायचं फडकं खुंटीला लावलं. ‘तुम्ही म्हणालात घरी होतो. तुमच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तुम्हाला खरंच तसं वाटतंय. चार माणसांसमोर ते ओढून काढायचं मला जमलं नाही. वाटलं, आपोआप आठवेल तुम्हाला. दुसऱ्या आठवड्यात मात्र घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू? तुमच्या घरी येऊन सांगणार होते.’

मी विचारलं, मी काय बोललो होतो.

त्यांनी सांगितलं, आणि ते सगळं मला माहीत होतं. तेवढं मला आठवत होतं, एका क्षणासाठीही विसरलो नव्हतो. फक्त मला वाटत होतं की मी ते कुणाला सांगितलेलं नाही. अकराच्या सकाळी ती जागी होती. तिने मला विचारलं, ‘किती वाजले?’ तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसमधून, मशीनची डिस्क भरली म्हणून. मी तिला म्हटलं, ‘थांब, सांगतो,’ आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन सहा मिनिटं बोललो. कुठल्या जुन्या फायली काढून टाकायच्या ते सांगत होतो. परत आलो तर नर्स तिच्या पलंगापाशी धावत होती. मनगटावर घड्याळ होतं माझ्या. नुसतं बघून सांगायचं होतं.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. मी तो प्यायलो. किती वेळ तिथे होतो ते या खेपेला मात्र मला माहीत आहे, पंचवीस मिनिटं. सबंध वेळ रडलो. बाई त्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत राहिल्या, मध्येच रुमाल म्हणून जाड गाळणकागद दिला.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगायचं ठरवलं. रविवारी त्या जाणार, मग फोनवर हे बोलता येणार नाही. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हटलं, आई, त्या सकाळी तिने मला वेळ विचारली होती आणि मी सांगितली नाही. फोनवर गेलो. फोनचंही सांगितलं, सहा मिनिटांचंही.

मला वाटलं, आता मला बोल लावतील, आणि लावावेत.

‘वेदनेचं इंजेक्शन दहाला असायचं,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही यायच्या आधी मलाही विचारलं तिने. साडेआठ झाले होते. आणखी दीड तास आहे म्हणून कसं सांगू? मी म्हटलं, दहा वाजतच आलेत बाळा, आत्ता येईल नर्स. म्हटलं, तेवढंच बरं वाटेल तिला.’ मग माझ्याकडे बघितलं. ‘तुम्हालाही विचारलं म्हणता. म्हणजे तिला माझं खरं वाटलं नव्हतं. आई खोटं सांगते, हे कळलं होतं तिला.’

त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, त्या दिवशी दवाखान्यातही नाही.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली जमिनीवर बसलो. म्हटलं, ‘नाही आई. तिने विचारलं ते तसं नाही विचारलं. मला म्हणाली, दहा वाजून गेले ना? तुमचं खरंच वाटलं होतं तिला. नर्सची वाट बघत होती फक्त.’

‘असं म्हणाली?’

‘हो.’

‘दहा वाजून गेले ना, असं?’

‘असंच. अगदी हेच शब्द.’

मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि रडल्या. मी त्यांचा हात धरून बसलो. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, चहा टाकते, दोघांना. मी म्हटलं, मी टाकतो. टाकला, साखर जास्त झाली, त्या तसाच प्यायल्या.

ती असं म्हणाली नव्हती. ती फक्त ‘किती वाजले?’ एवढंच म्हणाली होती. खरं काय ते कुठेतरी राहावं म्हणून या वहीत लिहून ठेवतो. आईंनी पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगणार आहे, शब्दसुद्धा बदलणार नाही.